घेवड्याखालची चिठ्ठी

मित्रांनो, माझी कडी सैल झाली आहे आणि झाकण एका बाजूने उचलून राहते. तरीही ऐका. मी एक जुना स्टीलचा डबा आहे. पाच शेर घेवडा मावेल एवढे माझे पोट आहे आणि वर धरायला मूठ आहे. मी आयुष्यात जितका प्रवास केला, तितका तुमच्यापैकी फार थोड्यांनी केला असेल. आता मात्र थकलो आहे.

साताऱ्याच्या बाजारात मला सुनेत्राच्या मामांनी तिच्या लग्नासाठी घेतले. दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा कारागीर छिन्नी घेऊन बसला होता. त्याने ठिपके ठोकून ठोकून माझ्या अंगावर नाव कोरले: 'सौ. सुनेत्रा हीस मामांकडून.' प्रत्येक ठिपका मला दुखला. पण ती अक्षरे काय सांगतात, हे मला पुढे पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते. तुम्हाला तुमच्या पाठीवरचा तीळ दिसतो का? तसेच ते.

सुनेत्राचा नवरा गुरुनाथ चंडीगडला एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होता. लग्नानंतर महिनाभरात मी तिकडे गेलो. मनीमाजऱ्याच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचे बिऱ्हाड होते. गुरुनाथची आई उर्मिला मात्र कोरेगाव तालुक्यातल्या देऊरला एकटी राहत असे. घर, परसातले शेवग्याचे झाड आणि दीड एकर रान एवढा तिचा पसारा होता. रानात ती वाघ्या घेवडा करी. त्या दाण्यावर लालसर पट्टे असतात, म्हणून तो वाघ्या.

आमच्या घराची एक रीत होती. कोणाचा डबा रिकामा परत करायचा नाही. निदान चिमूटभर साखर तरी टाकायचीच. त्यामुळे मी कधीच रिकाम्या पोटी हिंडलो नाही. चंडीगडहून निघताना समोरच्या दाराची गुरमीत कौर माझ्यात पिन्नी भरी. कणीक, तूप, गूळ आणि सुकामेवा घालून केलेले ते जाड लाडू उर्मिला आजीला फार आवडत. येताना आजी मला घेवड्याने भरी. गुरमीतने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मूठभर हातावर घेऊन ती खो खो हसली.

"भाभीजी, ये तो हमारा राजमा है. बस, किसीने इसके साथ होली खेल दी!"

"खाके देखो, मग बोला," सुनेत्रा म्हणाली. तिचे हिंदी तेव्हा असे अर्ध्या वाटेतच मराठीत शिरे.

दरवर्षी मे महिन्यात आम्ही गावी जायचो. लोक म्हणत, मजा आहे बुवा तुमची. मजा कसली! दीड दिवस पुण्यापर्यंत गाडी, मग गाडी बदलून वाठार स्टेशन, तिथून देऊर. पोचल्यावर प्रत्येक नातेवाइकाकडे एकेक चहा. एखाद्याकडचा राहिला तर वर्षभर टोमणा. "मोठी माणसं झाली, आमच्या दारात कशाला येतील!" गुरुनाथ जाताना दमलेला असे आणि येताना त्याहून दमलेला. आईशेजारी निवांत बसायला त्याला जेमतेम एखादी दुपार मिळे. त्या दुपारी तो झोपून जाई आणि आजी त्याच्या अंगावरच्या माश्या वारत बसे.

"चल ना आई आमच्याकडे," तो दर वर्षी म्हणे.

एकदा ती आलीही होती. एक हिवाळा राहिली. धुक्यात तिला समोरची गुरमीतसुद्धा दिसेना. एकदा सुनेत्रा तिला सेक्टर सतराला घेऊन गेली, तर त्या मोठ्या चौकात ती चुकली आणि तासभर एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. परत आल्यावर म्हणाली, "काय बाई ह्यो गाव! सगळ्यांना नंबर. नाव कुणालाच न्हाई." मार्चमध्ये ती देऊरला गेली. त्यानंतर गुरुनाथने विचारणे सोडले.

आता अक्षरांची गोष्ट. नात आश्लेषा बारा वर्षांची होती, त्या सुट्टीतली. तिला मराठी सगळे कळे, पण बोले ती हिंदीतच. आजीला लिहिता-वाचता येत नाही, हे तिला त्या वर्षी समजले.

"आजी, सच्ची? नाम भी नहीं लिख सकते?"

"अंगठा हाय की."

आश्लेषाने मला ओट्यावरून उचलून आजीच्या मांडीवर ठेवले आणि तिचे बोट माझ्या ठिपक्यांवरून फिरवले. "ये देखो, सु. ने. त्रा." आजी ते बोट पुन्हा पुन्हा फिरवी. मित्रांनो, आजी अडुसष्टाव्या वर्षी माझ्या पोटावर अक्षरे शिकली आणि तिच्याबरोबर मीही शिकलो. तिची लिहायची तऱ्हा वेगळी होती. ती आधी आडवी ओळ मारी आणि मग तिला एकेक अक्षर टांगी, दोरीवर धुणे वाळत घालावे तसे. लिहिताना ती मोठ्याने बोले. मनात वाचणे तिला कधी जमलेच नाही.

पुढे आश्लेषाचे कॉलेज सुरू झाले, गुरुनाथच्या रजा आटल्या आणि गावी जाणे वर्षाचे दोन वर्षांवर गेले. मी फडताळात वर चढलो. माझ्यात सुया-दोरे, औषधांच्या पट्ट्या आणि बंद पडलेले घड्याळ आले. एका दिवाळीनंतर गुरुनाथला कामासाठी पुण्याला जायचे होते. तो एक रात्र देऊरला मुक्काम करणार होता. सुनेत्राने मला घासूनपुसून पिन्नी भरल्या आणि बजावले, "डबा विसरून आलात तर दार उघडणार नाही."

देऊरला दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुनाथ तलाठ्याकडे गेला होता. घरात आजी आणि मी दोघेच. तिने पिन्नी काढून ठेवल्या, मला कोरड्या फडक्याने पुसले आणि वहीचे पान फाडून लिहायला बसली. अर्धा तास लागला. ती बोलत होती आणि मी ऐकत होतो.

"गुरू. आता एकटीनं व्हत नाही. मला घेऊन जा. जमत नसंल तर यावर काही बोलू नको. मी समजंन."

तिने कागदाची चौकोनी घडी केली, माझ्या तळाशी ठेवली आणि वर नवा घेवडा ओतला. मग कडी लावली. गुरुनाथ निघाला तेव्हा ती म्हणाली, "डबा घरी गेल्यावर तू सोता रिकामा कर हां. सुनेत्राला नको लावू."

"हो गं आई," तो म्हणाला. त्याचे डोळे मोबाईलवर होते.

पुण्यात तो हर्षवर्धनकडे उतरला. हा त्याचा आतेभाऊ. संध्याकाळचे विमान होते. गुरुनाथची बॅग ऑफिसच्या फायलींनी आधीच फुगली होती. हर्षवर्धनने काट्यावर बॅग ठेवली, वर मला ठेवले आणि हसत सुटला.

"गुऱ्या, विमान आहे का बैलगाडी? चार किलो जास्त होतंय."

"मग काय करू? आईनं दिलाय."

"ओत इथं. आम्ही खाऊ. पुढच्या खेपेला ट्रेननं ये आणि घेऊन जा."

गुरुनाथने घड्याळाकडे पाहिले. मग माझी कडी काढली आणि मला एका कापडी पिशवीत उपडे केले. घेवडा खळखळत गेला. शेवटी ती घडी घसरली, क्षणभर माझ्या काठाला अडली आणि मग दाण्यांबरोबर आत गेली. कोणी पाहिले नाही. मी काय करणार! डब्याला तोंड असते, पण जीभ नसते. गुरुनाथने माझ्यात मोजे आणि चार्जर कोंबला आणि आम्ही विमानात बसलो.

सुनेत्राने घरी मला उघडले आणि मोज्यांकडे बघत राहिली. "रिकामा?"

"वजन होत होतं. हर्षाकडे ओतला."

"आईंना सांगितलंत?"

"कशाला? उगाच वाईट वाटेल तिला."

सुनेत्राने मोजे काढले आणि चिमूटभर साखर माझ्यात टाकली.

चार दिवसांनी आजीचा फोन आला. सुनेत्रा पोळ्या करत होती, म्हणून फोन ओट्यावर मोठ्या आवाजात लावला होता. मी शेजारीच होतो.

"डबा रिकामा केलास का रं?"

"केला की आई."

"तूच केलास?"

"मीच. घेवडा काय सुरेख शिजला! सगळ्यांना आवडला."

गुरुनाथला वाटले, फोन कटला.

"हॅलो? आई?"

"आहे. बरं झालं," आजी म्हणाली. "तुम्ही खाल्लं, बरं झालं."

त्या दिवशी माझ्या पोटात तेवढी चिमूटभर साखर होती, आणि तीही मला जड झाली.

त्यानंतर तिचे फोन आखडले. 'जेवलास का', 'बरी आहे मी', 'ठेवते'. गुरुनाथ सुनेत्राला म्हणायचा, "आई आजकाल बोलतच नाही. वयानं होत असेल." संध्याकाळी घरी आला की तो खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटे. आपणच फोन करावा, हे त्याच्या मनात येई आणि उद्यावर जाई. मी फडताळातून हे सगळे बघत होतो. खरे ठाऊक असून सांगता न येणे, यासारखा शीण नाही. प्रवासाचा शीण त्यापुढे काहीच नव्हे.

एप्रिल उजाडला. एका रविवारी गुरुनाथच्या मोबाईलवर हर्षवर्धनचा फोटो आला. घेवड्याला भुंगे लागले होते म्हणून त्याच्या बायकोने तो गच्चीवर उन्हात पसरला, तेव्हा हा कागद सापडला. फोटो आधी आश्लेषाने पाहिला.

"पापा, ये तो आजी की राइटिंग है." आडवी ओळ आणि तिला टांगलेली अक्षरे. ती एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचू लागली, अगदी आजीसारखी. 'मी समजंन'पाशी पोचली आणि थांबली.

गुरुनाथ स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो हळूच खाली बसला. "मी तिला सांगितलं, छान शिजला म्हणून," तो म्हणाला. हेच वाक्य तो दोनदा म्हणाला.

"आत्ता फोन करा," सुनेत्रा म्हणाली.

"फोनवर नको. फोनवरच खोटं बोललो होतो."

त्या आठवड्यात तो आश्लेषाला घेऊन गाडीने निघाला. एप्रिलच्या उन्हात गुरमीतने पिन्नी वळून दिल्या. "गर्मी में कोई नहीं खाता, पर बीजी के लिए," ती म्हणाली. आजीला ती बीजी म्हणे.

देऊरला आजी ओसरीत बसली होती. तिचे उजवे मनगट वाकडे दिसत होते. थंडीत ती परसात पडली होती. गावातल्याच एकाकडून तिने हात बांधून घेतला होता आणि चंडीगडला कोणाला कळवले नव्हते. ज्याने मागितल्यावर गप्प राहणे पसंत केले, त्याला हाताचे काय सांगायचे, असे तिला वाटले असणार.

गुरुनाथने मला तिच्यासमोर ठेवले. पाणीही न पिता तो म्हणाला, "आई, तो घेवडा मी खाल्ला नाही. वजन होत होतं म्हणून हर्षाकडे ओतला. तुला खोटं सांगितलं."

आजी बघत राहिली. "आणि खालचा कागद?"

"रविवारी सापडला."

"म्हंजे वाचून गप नव्हतास?"

"नाही गं आई."

तिने डाव्या हाताने माझी कडी काढली, एक पिन्नी उचलली आणि ती मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली. "मग हातपाय धू आधी. घामेजलाईस."

आश्लेषाला राहवले नाही. "आजी, फोन पे क्यों नहीं बोला?"

"फोनवर माणूस पटदिशी हो म्हणतं बाळा, आन् मग अडकून पडतं. कागद दिला की त्याला इचार करायला जागा राहते." मग तिने हात पुढे केला. "आता मला ल्ह्यायला यायचं न्हाई बघ. तुझी शिकवणी वाया गेली."

आश्लेषाने ते वाकडे मनगट दोन्ही हातांत धरले. "नाही गेली," ती मराठीत म्हणाली.

आजीने रान वाट्याने दिले, शेवग्याला पाणी घालायला शेजारणीला सांगितले आणि घराला कुलूप लावले. निघताना मला उरलेल्या घेवड्याने तिनेच भरले. डाव्या हाताने भरल्यामुळे अर्धा बाहेर सांडला. गुरुनाथ खाली बसून एकेक दाणा वेचत होता. गाडीची वेळ होत आली तरी तो उठला नाही.

आता आजी मनीमाजऱ्यात आहे. मनगट थंडीत ठणकते. गल्ली तिला अजून परकी वाटते. गावाकडून मला भरून देणारे कोणी उरले नाही, म्हणून माझा मोठा प्रवास संपला. माझी खेप आता आमच्या दारापासून समोरच्या दारापर्यंत, अकरा पावलांची. जाताना घेवडा, येताना पिन्नी. आजी आणि गुरमीत एकमेकींची भाषा न येता तासभर बोलतात.

मित्रांनो, मला घासा, माझी कडी दुरुस्त करा, असे मी सांगत नाही. एवढेच सांगतो, की लांबून कोणी डबा भरून दिला तर तो दुसऱ्याच्या पिशवीत ओतू नका. जड वाटला तरी घरी न्या. आपल्या हाताने रिकामा करा आणि तळापर्यंत हात घाला.

समोरून मी परत आलो की गुरुनाथ पिन्नी काढून घेतो आणि आत हात घालून माझ्या तळावरून फिरवतो. तिथे तुपाच्या ओशटपणाशिवाय काही नसते, हे त्यालाही माहीत आहे. तरी तो दर वेळी फिरवतो, आणि आजी ते बघून न बघितल्यासारखे करते.