शेपटीवरचा जांभळा ठिपका

"मेला! आजार घेऊन मेला!"

उचगावच्या मंगल कार्यालयात टाळ्यांचा नुसता कडकडाट. पिराजी महाराजांच्या तळहातावर पांढरा उंदीर निपचित पडलेला, आणि माझी आई रडत रडत हात जोडतेय. मला खुर्चीत बसवेना. घड्याळ बघ, पडदा बघ, पुन्हा घड्याळ बघ!

आईला संधिवात. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी तिच्याच सांध्यांवर उलटल्यात, असं डॉक्टर म्हणाले होते. महाराजांनी तेवढंच उचललं. "ह्यो परदेशी उंदीर हाय! शास्त्रज्ञांनी ह्याच्यातली एक पेशी काढून टाकलीया. जागा रिकामी की! तुमची बिघडल्याली पेशी थेट तिथं जाऊन बसती. एक उंदीर, एक आजार, खेळ खल्लास!"

झालं! महाराजांनी सांगितलं म्हणून आईचा नंबर लागेपर्यंत तीन आठवडे गोळ्या बंद. बोटं इतकी सुजली की आईला भाकरी थापता येईना.

काल मी नंदिनीताईला फोन केला. ही माझी मामेबहीण पुण्यात असल्याच उंदरांवर काम करते. ती म्हणाली, "असे उंदीर खरंच असतात गं. एका प्रकारच्या पेशी नसलेला आणि असलेला उंदीर शेजारी शेजारी ठेवायचा, म्हणजे त्या पेशी काय करतात ते कळतं. पण उंदीर मांडीवर बसवला म्हणून आजार त्याच्यात उडी मारत नाही!"

"मग प्रत्येकाच्या वेळी उंदीर मरतो कसा?"

"आधी मरतो का ते बघ. आम्ही ओळखायला शेपटीवर मार्करनं खूण करतो."

म्हणून आज उंदीर आईच्या मांडीवर असतानाच मी गुपचूप जांभळा ठिपका दिला होता. मग महाराजांनी त्याला पितळी डब्यात ठेवून अर्धा तास मंत्र म्हटले. बाहेर आला तो हा असा, 'मेलेला'. महाराजांनी लगेच तो पडद्यामागं नेला.

तासाभरानं शेजारच्या बायडाबाईंचा नंबर. महाराजांनी पडद्यामागच्या टोपलीतून 'नवा' उंदीर काढला. मी ताडकन उठले.

"पावणं, ह्यो मघाचाच न्हवं?"

"गप बस पोरी! पाप लागंल!"

"लागू दे की! शेपटीवरचा ठिपका माझा हाय!"

बायडाबाईंनी चष्मा पुसला, शेपटी धरली. "अगं बया! जांभळा हाय की!"

मी डबा उचलला. गारढोण! खालचा चोरकप्पा ओढला, तर बर्फ खळकन जमिनीवर.

"ती... ती देवाची थंडी हाय," महाराज पुटपुटले.

"मग देवाला स्वेटर घाला की!" बायडाबाई गरजल्या.

पडदा ओढला, तर टोपलीवर मोठा बल्ब पेटलेला. बर्फानं उंदीर गारठून मेल्यासारखा पडायचा, उबेनं पुन्हा उठायचा. तीन आठवडे एकच बिचारा उंदीर मरत होता! महाराज मागच्या दारानं पसार झाले, चपला तिथंच.

घरी येताच आई थेट स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, रागावली.

तुम्हीही कुणाच्या पाया पडण्याआधी शेपटी बघा. प्रश्न विचारा, खूण करा, पुन्हा तपासा. खरं असेल तर ते तपासल्यानं मोडत नाही. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका, कुणीही सांगो.

स्वयंपाकघरातून हाक आली. "अवंतिका, इकडं ये." आईच्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं. "फोड बाई. माझ्या बोटांनी न्हाय फुटत."