गोधडीच्या पोटातलं लाल

पाणी गुलाबी व्हायला लागलं तेव्हा वन्सं हौदाच्या काठाशी उभ्या राहून, आपल्या आईचे टाके कसे मोत्यासारखे आहेत ते सांगत होत्या. गोधडीबाई मान डोलवत होत्या. डोलवता डोलवता त्यांची नजर पाण्यावर गेली आणि मान जागच्या जागी थांबली.

गोधडीबाई हे नाव वस्त्रसंग्रहालयातल्या लोकांनी दिलेलं. काही जण ते आदरानं घेत, बाकीचे जेवणाच्या सुट्टीत. जुन्या गोधड्या जपणं हे पोटापाण्याचं काम असू शकतं, यावर सासरच्या मंडळींचा अजून पुरता विश्वास बसला नव्हता. त्यांचाही दोष नव्हता, कारण जपायचं म्हणजे बहुतेक वेळा हात लावायचा नाही हेच या विद्येचं सार. धुणं तर अगदीच नाइलाज झाला तर. पण ही गोधडी सासूबाईंच्या हातची. त्या गेल्यावर ती थोरल्या नणंदेकडे आली, आणि संग्रहालयानं दालनात मांडायला मागितली तेव्हा वन्संनी अट घातली की मधला पांढरा चौकोन पांढराच दिसला पाहिजे. "एवढं शिकून तू नुसती धूळच झटकणार का गं?" असं त्या चारचौघांत म्हणाल्या, आणि भल्याभल्यांना न बधलेल्या बाईंनी संग्रहालयातला धुण्याचा हौद भरायला घेतला.

आधी त्यांनी एकेका ठिगळावर ओला बोळा दाबून रंग सुटतो का ते पाहिलं. दोराही तपासला. परक्याची गोधडी असती तर खालून दिवा धरून आतले थरही पाहिले असते. इथं गरज वाटली नाही. आत जुन्या पांढऱ्या चादरी आहेत, असं खुद्द सासूबाईंनी सांगितलं होतं, आणि सासूबाईंचा शब्द तपासायची त्या घरात पद्धत नव्हती.

"रंग सुटतोय का गं?" वन्संनी विचारलं.

"आत काहीतरी लाल आहे."

"आत चादरी आहेत. आईच सांगायची."

"मलाही त्यांनीच सांगितलं होतं."

"मग बाहेर काढ की! बघत काय बसलीस?"

"बाहेर काढली की संपलं, वन्सं. सुकला की रंग कायमचा बसतो. पाण्यात आहे तोवरच काय ते."

बाईंनी बूच ओढलं. गुलाबी पाणी गुळगुळ करत गेलं. नवं पाणी सोडलं. ते क्षणभर नितळ राहिलं आणि मग चौकोनाच्या पोटातून पुन्हा एक गुलाबी धूर वर आला. भिंतीवरच्या टाकीत गाळलेलं पाणी आणखी दोनदा हौद भरेल इतकंच उरलं होतं. नळाच्या पाण्यात लोह होतं. ते घातलं असतं तर गुलाबीवर पिवळं चढलं असतं.

"आतलं कापड काढल्याशिवाय हे थांबायचं नाही," बाई म्हणाल्या. "टाके सगळ्या थरांतून गेलेत. मधले उसवावे लागतील."

"आईचे?"

मूळ टाक्याला कात्री लावायची नाही, हा बाईंचा एकमेव धर्म. त्यावर त्या भाषणं देत.

"तूच म्हणालीस ना भाषणात," वन्सं म्हणाल्या, "टाका म्हणजे माणसाचं हस्ताक्षर, ते खोडायचं नसतं म्हणून?"

"तुम्ही तर झोपला होतात."

"डोळे मिटले होते. कान नव्हते मिटले."

धूर आता पसरून ढग झाला होता. बाईंनी पुन्हा बूच ओढलं, पुन्हा पाणी सोडलं. टाकीत आता एका हौदापुरतंच उरलं.

"गोधडी तुमची आहे, वन्सं. तुम्ही सांगा."

"म्हणजे लेकीनंच आईचे टाके कापायला लावले, असं व्हायला? तू शिकलेली, तू ठरव."

"मी ठरवलं तर जन्मभर ऐकवाल."

"ते तसंही ऐकवणारच आहे."

बाईंनी बारीक कात्री उचलली. मनगट हौदाच्या काठावर टेकवलं आणि पहिला टाका कापला. ओलं जुनं सुती कापड सायीसारखं असतं. जरा ताण पडला की फाटतं. "खालून हात द्या," त्या म्हणाल्या. "बोटं नकोत, तळवे." वन्संनी अंगठ्या काढून काठावर ठेवल्या, बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातले. उलट प्रश्न न करता. हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

टाका कापायचा, दोरा चिमट्यानं उचलायचा, पुढचा टाका. पाणी इतकं गुलाबी झालं की बाईंना कात्रीचं टोक अंदाजानंच शोधावं लागत होतं. शेवटी चौकोनाची एक कड सुटली, आणि आतून लाल कापड हळूहळू, जिवंत असल्यासारखं सरकत बाहेर आलं.

"अगं, हा तर आमचा बैठकीतला पडदा!" वन्सं ओरडल्या. "धोब्यानं हरवला म्हणून आईनं त्याचं येणं बंद केलं होतं!"

"हलू नका!"

वन्सं पुतळा झाल्या. पडदा बादलीत गेला. बाईंनी बूच ओढलं, टाकीतलं उरलंसुरलं पाणी सोडलं आणि दोघी बघत राहिल्या. पाणी नितळ होतं. थोडं थांबल्यावरही नितळच होतं. चौकोन पांढरा राहिला होता. एका कडेला फिकट लाली होती, आणि सगळीकडे सुईची रिकामी भोकं.

"आता हे शिवणार कोण?"

"कुणीच नाही. खालून आधार लावायचा आणि असंच ठेवायचं. त्यांच्यासारखे टाके मी घातले तर ती लबाडी होईल. खाली पाटीवर लिहीन, मी उसवले म्हणून."

वन्संनी मान वाकवून ती भोकं जवळून पाहिली.

"लिही. पण धुवायचा हट्ट कुणाचा होता, तेही लिही."

बाईंनी चमकून वर पाहिलं.

"अशी बघू नकोस," वन्सं म्हणाल्या. त्यांचे तळवे अजून पाण्यातच होते. "तो कोपरा धर आधी. तुझ्या बाजूनं ओढला जातोय."