गवत नसलेले जंगल

...एक. शून्याच्या जागी एक. पडद्यावरच्या त्या बारीक उभ्या रेघेकडे एन्सिओने चष्मा कपाळावर सारून पाहिले, मग चष्मा नाकावर आणून पुन्हा पाहिले. एकच होता. ‘गवत’ या ओळीपुढे त्याने वर्षापूर्वी स्वतःच्या हाताने शून्य लिहिले होते, आणि तेव्हापासून त्याच्या जंगलात एक पातेही उगवले नव्हते.

जंगल संगणकावरच्या खेळातले. दर शनिवारी दुपारी तीन वाजता तो इथून, क्युमी नदीकाठच्या या घरातून, आणि त्याची मुलगी पिहला तिकडे तुर्कू शहरातून त्या जंगलात भेटत. लाकडे तोडत, झोपडी बांधत, आणि हात कामात गुंतलेले असताना माणसे जशी बोलतात तशी बोलत. ऐला, त्याची बायको, गेल्यापासून बापलेकीचा फोन चार वाक्यांत संपत असे – हवा, जेवण, गुडघा, बरं आहे. जंगलात मात्र पिहला कुऱ्हाड चालवता चालवता मध्येच विचारून जाई की आईचा हिरवा कोट अजून कपाटात आहे का, आणि तोही, झाडावरची नजर न काढता, आहे म्हणे... आठवड्याच्या एकशे अडुसष्ट तासांतला हा एक तास त्याला गमवायचा नव्हता.

संगणक जुना होता. कागदाची गिरणी बंद झाली तेव्हा कार्यालयातले संगणक कामगारांना वाटून टाकले, त्यातला. खेळ त्याच्यावर आचके देत चाले. पण एकतीस वर्षे कागदाच्या यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला, कुठला खटका किती खाली आणला की यंत्र धावते, हे शोधण्याचा कंटाळा नसतो. खेळाच्या मांडणीची फाईल उघडून तो एकेक आकडा उतरवत गेला. सावल्या शून्य. पाण्यावरची चमक शून्य. धुके, पाने... आणि सगळ्यात शेवटी, जरा जड हाताने, गवत. मग सपाट तपकिरी जमिनीवर नुसते बुंधे उरले आणि पाय अडखळेनासे झाले. पिहला म्हणे, “बाबा, पाण्यात ढग उतरलेत बघ,” आणि तो म्हणे, “दिसले.” खरे सांगितले असते तर तिने नवा संगणक पाठवला असता, तो जोडायला तिचा जोडीदार आतू आला असता आणि लहान मुलाला सांगावे तसे समजावत बसला असता. शिवाय – ज्याला दिसतच नाही त्याच्याबरोबर कुणी किती दिवस हिंडेल?

आतू. गेल्या रविवारी दोघे आले होते. एन्सिओ सावनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भट्टीत लाकडे सारत होता तेव्हाची ती वीसेक मिनिटे... आतूचे पोटच संगणकांवर. लग्न झाले नव्हते तरी एन्सिओला तो थट्टेने सासरेबुवा म्हणे, आणि सावनात वरच्या फळीवर ऐसपैस बसून त्याने विचारलेही होते, “सासरेबुवा, तो तुमचा डबा चालतो अजून? संग्रहालयवाले कसे मागे लागले नाहीत?” एन्सिओने हसून तापल्या दगडांवर पाणी ओतले होते, लागते त्याहून दोन डाव जास्तच, तेव्हा कुठे आतू मुकाट्याने खालच्या फळीवर उतरला होता. त्या प्रश्नाचा अर्थ आता लागत होता. आतू आधीच संगणक बघून आला होता. परक्याचे कपाट उघडून ठिगळ लावलेले कपडे मोजावेत तशी त्याने शून्ये मोजली होती.

एन्सिओ फाईलभर खाली सरकत गेला. सावल्या – एक. पाणी – एक. धुके – एक. कुणीतरी अख्खे जंगल पुन्हा लावून ठेवले होते. हुशार माणसे दुसऱ्याचे घर आवरतात तसे, न विचारता, उपकार म्हणून. परतताना गाडीत आतूने पिहलाला सांगितलेच असणार. ती हसली असेल. हसली असेल तर ठीक... गप्प बसली असेल तर?

एन्सिओने आठवून आठवून सगळे आकडे खाली आणले. तोवर तीन वाजले.

पिहला जंगलातल्या नदीकाठच्या झाडापाशी उभी होती. ती तुर्कूच्या पावसाबद्दल, घरमालकिणीच्या कुत्र्याबद्दल बोलत राहिली; तिच्या आवाजात काही वेगळे आहे का ते तो ऐकत राहिला, आणि वेगळे ऐकायचेच ठरवल्यावर ते ऐकू येऊही लागले. आज तिने ढग दाखवले नाहीत. काहीच दाखवले नाही. बोलायचे नाही असे त्याने ठरवले होते.

“आतूला निरोप दे,” तो म्हणाला. “माझ्या यंत्राला हात लावायचा असेल तर आधी विचारायचं. म्हातारा झालो असेन, मेलो नाही अजून.”

तिच्या कुऱ्हाडीचा आवाज थांबला.

“आतू खोलीत आलाच नव्हता, बाबा. अंगणात लाकडं फोडत होता. तूच लावलंस त्याला कामाला, पाठ मोडली म्हणून दोन दिवस रडत होता.” मग, “मी बसले होते तिथं.”

खरेच की. भट्टीपाशी असताना लाकडावर पडणारे घाव त्याने कानांनी ऐकले होते. तरी आठवणीतल्या आतूला त्याने अंगणातून उचलून खुर्चीत आणून बसवले होते.

“बदललं काही नाही मी. खेळ उघडला, दहा मिनिटं फिरले, बंद केला.”

त्याने फाईलचे गुणधर्म उघडले. ‘फक्त वाचण्यासाठी’पुढची चौकट रिकामी होती. आकडे उतरवले की त्या चौकटीत खूण करून फाईल बंदिस्त करायची, नाहीतर बंद होताना खेळ स्वतःच्या मनाचे आकडे लिहून जातो – हे त्याने खेळाच्या चर्चापानांवर जगभरच्या किती अनोळखी लोकांना लिहून कळवले होते. आणि मागच्या शनिवारी संध्याकाळी सावल्यांचे अंतर आणखी छाटायला त्याने ती खूण काढली, कॉफी उतू गेली म्हणून तो उठला, आणि खूण परत करायची राहूनच गेली... कुणीच नव्हते. चोरच नव्हता.

“फिरलीस,” तो म्हणाला.

“हो.”

म्हणजे ते उघडेबोडके जंगल तिने पाहिले होते. आता ती विचारील. वर्षभराच्या शनिवारांचा हिशेब तिला करता येत होता. कोणत्या ढगांना, कोणत्या दवाला बापाने दिसले म्हटले ते तिला आठवत असणार. तो वाट पाहत राहिला. झाडांमध्ये, सावलीवाचून, दोघे उभे होते.

“छान वाटलं मला तिथं,” पिहला म्हणाली. “लांबवरचं दिसतं.”

कुऱ्हाड पुन्हा चालू झाली. तिचे वाक्य मात्र त्याच्या कानांत थांबून राहिले. तिच्या आवाजातला चढउतार त्याच्या ओळखीचा होता – इस्पितळात ऐलाने आरसा मागितला तेव्हा त्याने तो न देता, आज रंग परत आलाय तुझ्या चेहऱ्यावर, असे म्हटले होते, ते अगदी याच स्वरात. आणि पिहला तेव्हा खिडकीपाशी उभी होती. ऐलाने त्यावर मान हलवली होती. विश्वास ठेवून, की त्याला सांभाळून घेत, हे आजवर त्याने स्वतःलाही विचारले नव्हते. आता मुलीच्या चेहऱ्याकडे पाहावे म्हणून तो वळला, तर पडद्यावर तिथे चारदोन ठोकळ रंगांचे तुकडे होते. तेही त्यानेच उतरवलेले. खरंच आवडलं? – प्रश्न जिभेवर आला आणि तिथेच राहिला. ती हो म्हणेल, खरे असो वा नसो, हे त्याला ठाऊक होते. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटत होते की तिने हो म्हणू नये.