निर्वासित झाल्याचा निरोप

जरमीना काबूलची. यवतमाळला शेतकी कॉलेजात शिकायला आली आणि बेबीताईंच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिली. शिक्षण संपायच्या आत तिकडे राज्य पालटलं, मुलींची कॉलेजं बंद झाली, तिच्या शिक्षक बापाला धरून नेलं. परतीची वाटच उरली नाही. तिनं दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत अर्ज केला, मुलाखत दिली आणि वाट पाहत राहिली.

एकदा दोघी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत असताना शेजारच्या सदाशिवरावांनी जरमीनाची चौकशी केली. बेबीताई म्हणाल्या, "निर्वासित हाय थे."

"अजून नाही, मावशी," जरमीना हळूच म्हणाली. "मी आश्रय मागितलाय. माझं म्हणणं त्यांनी मानलं, की मग निर्वासित."

"आन् नाही मानलं तं?" सदाशिवरावांनी विचारलं.

जरमीना शेंगा सोलत राहिली.

बेबीताईंच्या डोक्यातून ते जाईना. रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "घर सुटलं, बाप नेला. आता कोनी हो म्हनल्यावर थे खरं होते का?"

"खरं आधीपासूनच असतं, मावशी. पण विचारावं तर लागतं, दुसऱ्या कारणानंही लोक येतात. फक्त विचारून होईपर्यंत माणूस दारातच उभं राहतं."

उन्हाळ्यात उत्तर आलं. मान्य झालं होतं. बेबीताईंनी लगेच तुपावर रवा भाजला आणि शिऱ्याची ताटली घेऊन त्या वर गेल्या. जरमीना भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"काहून वं? मानलं ना त्याइनं?"

"मानलं." तिनं तोंड न वळवताच सांगितलं. "नाही म्हणाले तर परत जावं लागेल, याची भीती वाटायची. पण आई तिथं आहे. त्या भीतीतच कुठंतरी आईला भेटायची आशा होती. आता परत जाता येणार नाही, असं त्यांनीच ठरवून दिलं."

अभिनंदनाचे शब्द बेबीताईंनी गिळले. त्या तिच्याशेजारी फरशीवर टेकल्या.

जरमीनानं ताटली ओढून घेतली. "आमच्याकडे असा हलवा बाळ झाल्यावर करतात. कुणी गेल्यावरही."

"मंग खाय थोडा."

दोघींनी एकाच ताटलीत खाल्लं. नंतर जरमीनानं आईला फोन लावला. काय बोलणं झालं ते बेबीताईंना कळलं नाही, पण पलीकडची बाई आधी रडली आणि मग मोठ्यानं दुआ देऊ लागली, एवढं त्यांना समजलं.