डाव्या सीटवर कोण होतं?

बॅनर वाटूरच्या फाट्यावरच लागला होता. हरिओमचा गॉगल लावलेला फोटो, मागं विमान आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'दीडशे प्रवाशांचे प्राण वाचवणाऱ्या, विमान सुखरूप उतरवणाऱ्या वाटूरच्या सुपुत्राचा जाहीर सत्कार.'

अक्षताने गाडी थांबवून तो पूर्ण वाचला. शेजारी तिचे वडील अण्णासाहेब होते, जालन्याच्या शाळेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "अजूनही मागं फिरू. वकिलामार्फत नोटीस पाठवू."

"नोटीस कोण वाचतंय पप्पा? व्हिडिओ सगळ्या देशानं पाह्यला."

ते विमान अक्षताने उतरवलं होतं. ती सहवैमानिक, उजव्या सीटवर. बेंगळुरूहून दिल्लीला जाताना डाव्या सीटवरचे कॅप्टन मेहरा बोलता बोलता पुढं कोसळले. त्यांचं अंग विमान चालवायच्या समोरच्या दांड्यावर पडलं आणि विमानानं नाक खाली घातलं. एका हातानं त्यांना ढकलत तिनं विमान सावरलं. कॅप्टन धिप्पाड माणूस, केबिन क्रूच्या दोन मुलींना तो हलेना. म्हणून पहिल्या रांगेतल्या एका दणकट प्रवाशाला आत बोलावलं. तो हरिओम. त्यानं कॅप्टनला मागं ओढलं आणि सीटच्या मागं उभं राहून खांदे धरून ठेवले, थेट नागपूरला चाकं टेकेपर्यंत. कॅप्टन दवाखान्यात वारले.

आठ दिवसांनी हरिओमचा व्हिडिओ आला. "पायलट बेशुद्ध, मॅडम रडत होत्या. मंग मीच हँडल हातात घेतलं. कॉम्प्युटरवर विमानाचा गेम खेळतो मी, सगळं माहीत व्हतं."

दुसऱ्या दिवशी कंपनीनं अक्षताला घरी बसवलं. प्रवाशाच्या हातात विमान दिलं असेल तर लायसन्स जाणार होतं. पाठोपाठ कॅप्टनच्या बायकोचा फोन आला. तिनं एवढंच विचारलं, "त्या मुलानं माझ्या नवऱ्याला बाजूला फेकलं का?" त्या फोननंतर अक्षता दोन दिवस जेवली नाही.

ग्रामपंचायतीसमोर मंडप भरला होता. हरिओम फेटा बांधून स्टेजवर बसला होता, शेजारी त्याचे वडील मच्छिंद्र. अक्षता खुर्च्यांमधून सरळ पुढं गेली. तिला पाहताच हरिओमचा चेहरा पडला.

"या मॅडम त्याच विमानात व्हत्या," तो कसंबसं म्हणाला.

मच्छिंद्र खूश झाले. "अरे वा! या, या. दोन शब्द बोला पोराबद्दल."

तिनं स्टेजवर चढून माईक घेतला, पण तोंड हरिओमकडं केलं. "सांग, विमान कसं उतरवलंस?"

"सांगितलंय ना व्हिडिओत."

"इथं सांग. उजव्या सीटवर कोण होतं?"

"तुम्ही."

"डाव्या सीटवर कोण होतं?"

हरिओम फेटा सावरू लागला.

"कॅप्टन होते. त्यांना सीटवरून काढताच आलं नाही. मंग तू कुठं बसून विमान उतरवलं?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मच्छिंद्र उठले. "ए बाई, सत्काराला आली का वाद घालायला? आडनाव काय तुमचं?"

"आडनावाचा इथं काय संबंध?" अण्णासाहेब खालून म्हणाले.

"संबंध हाये. कोण कुठून येऊन आमच्या पोराला खोटं पाडून राह्यलं, ते कळू द्या गावाला."

"जालन्याचा शिक्षक आहे मी. तुमच्यासारख्यांची पोरं शिकवलीत."

"मंग शाळंतच बसा की!" एक जण ओरडला. दुसऱ्यानं अण्णासाहेबांची कॉलर धरून त्यांना खुर्च्यांच्या बाहेर ढकललं. ते पडता पडता राहिले. अक्षता खाली उतरू लागली, तेवढ्यात हरिओमला जोर आला.

"तुमचे हात थरथर कापत व्हते, ते सांगा ना!"

ती वळली. "कापत होते. शेजारी माणूस मरत होता. कापत्या हातांनी मीच उतरवलं. आणि तू त्यांना धरून ठेवलं होतं, ते मी रिपोर्टमध्ये स्वतः लिहिलंय. हे लोकांना का न्हाई सांगितलं?"

कुणीतरी माईकची वायर ओढली. तिचं पुढचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही. गाडीपर्यंत पोरं मागं लागली, शिव्या देत. एकानं काचेवर थुंकलं. अण्णासाहेबांच्या शर्टाची दोन बटणं तुटली होती.

पुढच्या महिन्यात चौकशीसाठी विमान खात्याचे दोन अधिकारी जालन्याच्या सरकारी विश्रामगृहात आले. अक्षताचा जबाब आधी झाला. मग तिच्या समोरच हरिओमला बोलावलं. इस्त्रीच्या शर्टात आला, पण तिच्याकडं बघेना.

"विमानाच्या कुठल्या गोष्टीला हात लावला?"

"कशालाच न्हाई साहेब. फक्त कॅप्टनला धरलं."

"मॅडमही बेशुद्ध झाल्या असत्या तर उतरवलं असतं?"

हरिओमनं रुमालानं कपाळ पुसलं. "न्हाई. समोर एवढी बटणं. खाली विमानतळावरच्या लोकांशी बोलायचं कुठून, तेबी कळत नव्हतं. गेममधी भीती वाटत न्हाई साहेब. तिथं माझे पाय लटपटून राह्यले व्हते. सगळे मेलो असतो."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं, सही घेतली. अक्षताला परत कामावर घ्यायला हरकत नाही, असं तिथंच तोंडी सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात ती त्याच्या आडवी उभी राहिली. "व्हिडिओ काढ."

"न्हाई काढत. आत खरं बोललो ते तुमच्यासाठी न्हाई, केस झाली असती म्हणून बोललो. गावासमोर तुम्ही माझी बराबर इज्जत घालवली, लोक हसून राह्यले. माय घराबाहेर निघंना माझी."

"आणि माझ्या वडलांची कॉलर धरली त्याचं काय?"

"मी न्हाई धरली."

"तू बघत होतास स्टेजवरून."

तो मोटारसायकलकडं निघाला. ती मागून म्हणाली, "तू धरलं नसतं तर कॅप्टन परत त्या दांड्यावर पडले असते. मला एकटीला जमलं नसतं. गावात सांगायला तेवढं पुरेसं नव्हतं का?"

हरिओम थांबला. पहिल्यांदाच त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं, रागानंच.

"मेलेल्या माणसाला धरणाऱ्याचा कोण सत्कार करतं मॅडम?"

त्यानं किक मारली. अक्षताने तिथूनच कॅप्टनच्या बायकोला फोन लावला आणि त्या मुलानं तिच्या नवऱ्याला शेवटपर्यंत कसं सांभाळून धरलं होतं, ते सगळं सांगितलं. हरिओमचं नाव मात्र तिनं तोंडातून काढलं नाही, तेवढा राग उरला होता.