कड्यावरची एकुलती गोगलगाय

वेलेबिट डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या निवृत्त पोस्टमन व्येकोने गोगलगायींचे सहाशे शंख जमवले होते. त्यातल्या एकाचं नाव तेवढं कळत नव्हतं. जाणकार म्हणाले, "याची जात नुसत्या रिकाम्या शंखावरून ठरणार नाही. जिवंत गोगलगाय चिरून बघावी लागेल."

तो शंख ज्या कड्यावर सापडला होता, तोच कडा त्याने अकरा वर्षं धुंडाळला. अखेर एका एप्रिलमध्ये तशीच एक जिवंत गोगलगाय सापडली.

"एवढे पाय झिजवलेस, ते हिला मारायला?" बायको मिल्का म्हणाली.

"मग नाव कसं कळणार?"

त्याने ती पाण्यात बुडवून मारली आणि भिंगाखाली चिरली. ज्या अवयवांवरून जात ओळखायची, ते तिच्या अंगात वाढलेल्या परजीवी किड्यांनी ती जिवंत असतानाच खाल्ले होते.

"कळलं का नाव?"

"नाही गं."

तशी गोगलगाय त्याला पुन्हा दिसली नाही. पुढच्या हिवाळ्यात गुडघे गेले आणि कड्यावर जाणंच थांबलं.