घंटा कुठी झाली?

मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. दिसायला काळा, गंजका. पण मित्रांनो, एके काळी माझ्या परवानगीवाचून गाडी हलत नसे, हे आधीच सांगून ठेवतो.

यवतमाळच्या छोट्या रुळाच्या गाडीखाली मी बरीच वर्षं झिजलो. मग रूळ बदलले, तेव्हा मला हातभर कापून स्टेशनच्या कडुनिंबाला टांगलं. मी घंटा झालो. स्टेशनवर कामाला असलेला फकिरा मला वाजवायचा. पण हातोडी उचलण्याआधी तो गावाच्या वाटेकडे पाहायचा. कोणी धापा टाकत येताना दिसलं, की हातोडी खालीच राहायची. "येऊ द्या ना बाप्पा, गाडी काय पळून राह्यली?" म्हणायचा. गार्ड कुरकुरायचा, पण गाडी थांबायची. त्या दिवसांची मला फार आठवण येते.

पुढे कापसाचे वाईट दिवस आले. जिनिंगचे कारखाने बंद पडले, उरल्यासुरल्या गाठी ट्रकनं जाऊ लागल्या आणि एक दिवस गाडीच बंद झाली. रुळांत तरोट्याचं रान माजलं. फकिरानं मला घरी नेलं.

बऱ्याच वर्षांनी यवतमाळजवळच्या कळंबला मोठ्या रुळाची गाडी आली. फकिराची लेक कोकिळा वर्ध्याला दिलेली. तिच्या मुलीचं बारसं होतं. फकिराच्या बायकोनं, हंसाबाईनं, नातीला पाळण्यात घालायचं ठरलं होतं. "नव्या टेशनाले घंटा नसंल, हे देऊन टाकू," म्हणत फकिरानं मलाही पिशवीत घातलं.

कळंबच्या स्टेशनवर पोचलो, तेव्हा गाडी समोर उभी होती. तिकिटं काढून झाली, तरी हंसाबाई ओट्यावर निवांत.

"चाल ना वं," फकिरा म्हणाला.

"घाई कायले करता? घंटा कुठी झाली?"

फकिरालाही पटलं. जन्मभर त्यानंच तिला ही सवय लावलेली. तोही शेजारी टेकला. मी तिच्या मांडीवर, पिशवीत. ओरडावंसं वाटलं, पण कोणी मारल्याशिवाय मला आवाज कुठला? भोंगा वाजला आणि गाडी निघाली. दोघं धावले; म्हातारे पाय किती धावणार!

एसटीनं पोचले, तेव्हा नाव ठेवून झालं होतं. नातीला दुसऱ्याच कोणी पाळण्यात घातलं होतं.

"माय, लय वाट पाह्यली," कोकिळा म्हणाली. हंसाबाईनं पिशवी खाली ठेवली आणि पाळण्याची दोरी हातात घेतली.

नव्या गाडीवर माझा राग नाही. ती वेळेवर निघते, चांगलंच आहे. मला स्टेशनात द्यायचं त्या धावपळीत राहूनच गेलं; मी पुन्हा फकिराच्या दारात टांगलेला आहे. माझा गंज काढा, असंही म्हणत नाही. पण मित्रांनो, नवं काही सुरू कराल, तेव्हा निघण्याआधी एकदा वाटेकडे बघून घ्या. कोणी हंसाबाई अजून घंटेची वाट पाहत बसलेली असेल.